डॅलेकची भीती कशी तयार होते

‘डॉक्टर हू’ लागलं की ब्रिटनमधली मुलं सोफ्यामागे लपतात, ही तिथली जुनी कौटुंबिक आठवण. पण ती खोलीतून पळून जात नाहीत. लपायचंही असतं आणि पाहायचंही असतं. ही दुहेरी ओढ कशी निर्माण केली जाते, हे डॅलेक या राक्षसावरून छान समजतं.

मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, अशी मालिकेचे एक जनक सिडनी न्यूमन यांची ताकीद होती. तरी महिन्याभरात डॅलेक आलेच. टेरी नेशन यांनी ते लिहिले, रेमंड क्यूसिक यांनी त्यांना आकार दिला.

पहिल्या दर्शनात डॅलेक दिसतच नाही. मालिकेतली बार्बरा ही व्यक्तिरेखा भिंतीला टेकून किंचाळते आणि पडद्याच्या कडेने फक्त एक यांत्रिक हात पुढे येतो. कॅमेरा राक्षसाच्या जागी आहे. भाग तिथेच संपतो. पुढचा आठवडाभर उरलेला राक्षस मुलांनी स्वतःच रचायचा, आणि स्वतः रचलेला राक्षस नेहमीच जास्त भयंकर असतो.

मग तो पूर्ण दिसतो. पाय नाहीत, चेहरा नाही, दांड्यावर एकच डोळा. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपण चेहऱ्यावरून ताडतो. इथे ताडायला काही मिळतच नाही. आत बसलेला नट पायांनी ते धूड चाकांवर ढकलायचा, पण बाहेरून पाऊल दिसत नसे, नुसतं सरकणं दिसे.

खरी करामत आवाजात आहे. बाजूला बसलेला कलाकार माइकवर तुटक, एकसुरी बोलायचा. तो आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’मधून ३० हर्ट्झच्या संथ लहरीशी गुणला जाई. समजा आवाजात २०० हर्ट्झचा स्वर आहे. बाहेर पडताना तो २०० राहत नाही. त्याचे १७० आणि २३० असे दोन होतात. ४०० च्या जागी ३७० आणि ४३० येतात. माणसाच्या स्वरातले घटक एका मूळ संख्येच्या पटीत असतात, तो मेळ इथे मोडतो. शब्द कळतात, पण बोलणारा माणूस वाटत नाही.

डॅलेकला जिना चढता येत नाही, हा विनोद पुढे वर्षानुवर्षं चालला. १९८८ मध्ये एक डॅलेक तरंगत जिना चढला आणि विनोदातली हवा गेली.

याच मालिकेच्या २००७ च्या ‘ब्लिंक’ या भागात लेखक स्टीव्हन मॉफट यांनी वेगळीच युक्ती केली. त्यातले दगडी देवदूत कुणी पाहत असेपर्यंत पुतळे असतात; पापणी लवली की जवळ येतात. प्रत्यक्षात रंगवलेल्या अभिनेत्री निश्चल उभ्या असत. त्यांची हालचाल प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, जणू तोही पहाऱ्यावर आहे. डोळे मिटणं हा मुलांचा हुकमी बचाव, आणि इथे तोच घातक.

घरातलं मूल डॅलेकला घाबरत असेल, तर टीव्ही बंद करण्याआधी नुसता आवाज बंद करून पाहा. दहशत बरीच उतरेल. देवदूतांवर मात्र हा उपाय चालत नाही.