लसीकरणोत्तर दीर्घकालीन उपद्रव
लसीकरणोत्तर दीर्घकालीन उपद्रव : रोगप्रतिबंधक लस टोचल्यानंतर किंवा तोंडावाटे दिल्यानंतर उद्भवणाऱ्या आणि नेहमीच्या मुदतीत न शमता आठवडे, महिने किंवा क्वचित कायम टिकणाऱ्या तक्रारींना ही संज्ञा लावतात. लस घेतल्यावर दंड दुखणे, टोचल्या जागी सूज येणे, कणकण, अंगदुखी, थकवा ही लक्षणे सर्वसामान्य असून ती शरीराची प्रतिकारयंत्रणा कामास लागल्याची निदर्शक होत. बहुधा दोन-तीन दिवसांत ती नाहीशी होतात व त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. प्रस्तुत नोंद आहे ती मागे राहणाऱ्या थोड्या रुग्णांविषयी. त्यांच्या बाबतीत दोन प्रश्न एकमेकांत गुंततात : विकार लसीमुळेच झाला काय, आणि झालेला विकार सुसह्य कसा करावा. पहिल्याचे उत्तर लक्षावधी लोकांच्या नोंदी ताडून मिळते व त्यास वर्षे लागतात. दुसऱ्याचे उत्तर रुग्णास त्याच आठवड्यात हवे असते. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा खोळंबून ठेवणे, ही या क्षेत्रातील जुनी आणि आजही पुरती न सुटलेली खोड आहे.

इतिहास : भारतातील पहिले देवीप्रतिबंधक लसीकरण मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाले. ‘देवी काढणे’ म्हणजे काही दिवसांचा ताप, पिकलेला दंड आणि जन्मभराचा व्रण, हे पुढे घरोघरी गृहीत धरले गेले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आल्यावर व्हॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. हीत ताप व सूज यांचा त्रास बराच असे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी ही लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीचा नसून एका बाटलीच्या दूषिततेचा होता. तथापि हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. लस सदोष असणे आणि ती देण्याची पद्धत सदोष असणे या भिन्न गोष्टी आहेत, हा भेद त्या घटनेने वैद्यकास शिकविला. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे द्रव पाजले गेले, तो याच दुसऱ्या प्रकारातील प्रमाद होय.

लसीमुळेच उद्भवणाऱ्या दीर्घकालीन विकाराचे महाराष्ट्राच्या परिचयातील ठळक उदाहरण म्हणजे पिसाळलेले कुत्रे चावल्यावर दिली जाणारी जुनी लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे सिद्ध केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत व मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या स्मरणात घर करून आहे, तो हिच्यामुळेच. लसीत मेंढीच्या मेंदूतील, तंत्रिकांवरील (मज्जातंतूंवरील) वसायुक्त आवरणाचा अंश राही. काही रुग्णांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ती रुग्णाच्या स्वतःच्याच तंत्रिकांवर उलटत व लस सुरू केल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत पाय लुळे पडणे, मूत्रावरोध, चेहऱ्याचा पक्षाघात किंवा मस्तिष्कशोथ उद्भवे. काही हजार लोकांमागे एक, तर काही पाहण्यांत त्याहून पुष्कळ अधिक, असे याचे प्रमाण आढळले. पुष्कळसे रुग्ण सुधारत. काहींच्या पायांत कायमचा अधूपणा राही. मात्र अलर्क रोग एकदा जडल्यास मृत्यू जवळजवळ अटळ असल्याने ही लस टाळणे परवडणारे नव्हते. कोशिकासंवर्धनावर आधारित निर्धोक लशी उपलब्ध होऊनही खर्चाच्या कारणाने ती रेंगाळली आणि २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले [⟶ अलर्क रोग]. लसीकरणानंतरच्या घटनांची देशव्यापी पाहणी १९८८ पर्यंत नव्हतीच. त्यामुळे अधू झालेल्यांपैकी किती जण पुन्हा शेतात किंवा गिरणीत कामाला गेले, हे सांगणारी मोजदाद मागे उरलेली नाही.

तोंडावाटे देण्याच्या पोलिओच्या जिवंत लसीमुळेही क्वचित पक्षाघात होतो. पहिल्या मात्रेच्या वेळी सु. २७ लाखांमागे एक, असे त्याचे प्रमाण मानतात. पोलिओचे उच्चाटन जवळ आल्यावर हा धोकाही असह्य वाटू लागला व एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला.

कार्यकारणाचा निर्णय : एखादी घटना लसीनंतर घडली एवढ्यावरून ती लसीमुळे घडली असे ठरत नाही. गुइलेन-बॅरे लक्षणसमूह (जीबीएस) या विकारात हातापायांतील शक्ती खालून वर जात राहते. १९७६ मध्ये अमेरिकेत सु. साडेचार कोटी लोकांना स्वाइन फ्ल्यूची लस दिल्यावर दर लाखामागे सु. एक जादा रुग्ण या विकाराचा आढळला व मोहीम थांबविण्यात आली. उलट जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात याच विकाराचा उद्रेक होऊन रुग्णसंख्या दोनशेवर गेली, तेव्हा संशयाची सुई लसीकडे नव्हे, तर दूषित पाण्यातून येणाऱ्या जंतूंकडे वळली. विकार तोच, कारणे भिन्न. एकट्या रुग्णाकडे पाहून हा भेद बहुधा करता येत नाही.

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी कोव्हिड-१९ विरुद्ध लसीकरण सुरू झाले. पुण्यात उत्पादित झालेल्या कोव्हिशील्डच्या संदर्भात, रक्तातील बिंबाणू घटून त्याच वेळी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा विरळा विकार युरोपात लक्षात आला होता. केंद्रीय समितीने ४९८ गंभीर घटनांची छाननी करून १७ मे २०२१ रोजी २६ संभाव्य रुग्णांची, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०·६१ अशा प्रमाणाची, माहिती दिली. लस घेतल्यापासून २० दिवसांत धाप, छातीत दुखणे, पायावर सूज, तीव्र डोकेदुखी, दृष्टिदोष यांपैकी काही जाणवल्यास त्वरित कळविण्याची सूचनाही तीत होती. तीव्र उपद्रवांसाठी ही मुदत योग्यच होती. परंतु तीन महिन्यांनीही जिन्याच्या चार पायऱ्या चढताना छाती धडधडते, कानात सतत आवाज येतो किंवा हातापायांना मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण अशा चौकटीत बसत नाही. निर्णयासाठी वापरण्यात येणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सुसंगत, अनिश्चित, विसंगत व वर्गीकरण-अक्षम असे चार वर्ग आहेत. रेंगाळणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग ‘अनिश्चित’ या वर्गात जातो. ‘अनिश्चित’ म्हणजे ‘खोटे’ नव्हे. पण कागदावरचा हा शब्द दवाखान्यात व घरात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पुष्कळदा तसाच होतो, आणि रुग्ण स्त्री असल्यास ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय संपतो. सुईच्या भीतीने भोवळ येणे वगैरे मानसिक ताणाचे प्रकार खरोखरच घडतात, परंतु ते निदान तपासणीअंती करावयाचे असते, तपासणीऐवजी नव्हे.

या दीर्घ लक्षणांमागील यंत्रणेचा शोध अजून प्राथमिक अवस्थेत आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ च्या फेब्रुवारीत ४२ रुग्ण व २२ निरोगी व्यक्ती यांची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांच्या प्रतिकारकोशिकांत काही फरक व काहींत शरीरात सुप्त असलेला एपस्टाइन-बार विषाणू पुन्हा जागृत झाल्याच्या खुणा आढळल्या. संख्या लहान असल्याने यावरून निष्कर्ष काढू नये, असे संशोधकांनी स्वतःच बजावले आहे.

सीमाभागातील स्थिती : नोंदव्यवस्थेतील अडचण प्रत्यक्षात कशी दिसते, हे दुधनीसारख्या ठिकाणाच्या उदाहरणाने समजू शकते. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत, सोलापूर–वाडी लोहमार्गावर आहे. येथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषा घरात व बाजारात चालतात. लस येथे घेतलेल्या माणसाला उपचारासाठी सोलापूर जवळचे तसे कलबुर्गीही. गंभीर घटना आरोग्य केंद्राकडून जिल्ह्यास व जिल्ह्याकडून राज्यास कळविली जाते. रुग्ण मात्र दुसऱ्या राज्याच्या रुग्णालयात असेल, तर लसीचा तपशील एका दप्तरात व विकाराचा दुसऱ्यात राहण्याचा संभव असतो. अशा वेळी दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे खुद्द रुग्णाजवळचा कागद. म्हणून लसीचे नाव, तारीख, प्रमाणपत्रावरील बॅच क्रमांक, पहिले लक्षण केव्हा दिसले, त्या सुमारास झालेले अन्य आजार व चालू औषधे यांची साधी वही ठेवणे हे रुग्णाच्या हिताचे असते. पहिली खबर पुष्कळदा आशा कार्यकर्तीस असते. तिने ती दोन महिन्यांनी ऐकली तरी केंद्रात सांगणे युक्त होय.

परिचर्या : पायांतून वर चढत जाणारी शक्तिहीनता, धाप, छातीत दुखणे, झटके, असह्य डोकेदुखी ही लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. इतर रुग्णांत प्रथम सामान्य कारणे शोधतात. रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार, मधुमेह, क्षय, तसेच शाकाहारी लोकांत वारंवार आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे थकवा, धडधड व मुंग्या ही तिन्ही लक्षणे होऊ शकतात आणि ती उपचारसाध्य आहेत. लसीचे निमित्त होऊन असा जुना विकार उघडकीस आला, तर रुग्णाचा लाभच होतो.

कारण न सापडल्यास उपचार लक्षणानुसार करतात. सुई फार वर टोचल्याने खांदा आखडल्यास व्यायामोपचार महत्त्वाचा असून तो लवकर सुरू केलेला बरा. उभे राहताच नाडी वेगाने धावत असल्यास पाणी भरपूर घेणे, रक्तदाब वाढलेला नसल्यास वैद्याच्या सल्ल्याने मीठ वाढविणे, अंथरुणातून टप्प्याटप्प्याने उठणे यांचा उपयोग होतो. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती खालावणाऱ्यांनी कामाचे लहान तुकडे पाडून मध्ये विश्रांती घ्यावी. नेटाने अंगमेहनत केल्यास हे रुग्ण सुधारण्याऐवजी मागे जातात. मजुरीवर पोट असणाऱ्यास हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. तेथे कुटुंबाने व मुकादमाने कामाची वाटणी बदलणे औषधाइतकेच मोलाचे ठरते. पुढील लशी सरसकट नाकारणे युक्त नसते. कोणती लस वर्ज्य व कोणती घेण्याजोगी, हे झालेल्या विकारावरून ठरते; धनुर्वाताची किंवा कुत्रे चावल्यावरची लस गैरसमजाने टाळणे जिवावर बेतू शकते.

परस्पर-साहाय्य : समदुःखी लोकांनी एकत्र येण्याचे फायदे व धोके हे दोन्ही ब्रिटनच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. रोझमेरी फॉक्स यांनी १९७३ मध्ये लसीमुळे अपंग झाल्याचे मानल्या जाणाऱ्या मुलांच्या पालकांची संघटना स्थापली. एकमेकांना धीर देणे, मुलांच्या संगोपनातील युक्त्या सांगणे व सरकारकडे दाद मागणे हे तिचे कार्य होते. तिच्या प्रयत्नांतून १९७९ मध्ये भरपाईचा कायदा झाला आणि तीव्र अपंगत्वास १०,००० पौंड मिळू लागले. याच काळात डांग्या खोकल्याच्या लसीविषयी भीती पसरून त्या लसीकरणाचे प्रमाण सु. ८० टक्क्यांवरून सु. ३० टक्क्यांपर्यंत घसरले व त्या रोगाच्या साथी परत आल्या. त्या लसीमुळे मेंदूस कायमची इजा होते हे १९८८ मध्ये न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लसीमुळे मेंदूविकार झाल्याचे मानलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा ११ जणांत अपस्माराचा जन्मजात जनुकीय दोष आढळला. पालकांनी सांगितलेले झटके खरे होते, अपंगत्व खरे होते. कारण मात्र दुसरे होते आणि ते कळावयास तीस वर्षे लागली. तोवर मुलांना सांभाळणाऱ्या आयांना आधार मिळाला, तो प्रामुख्याने एकमेकींचा.

याउलट २००९-१० मध्ये युरोपात दिलेल्या स्वाइन फ्ल्यूच्या एका लसीनंतर मुलांना दिवसा अनावर झोप येण्याचा विकार जडल्याची शंका फिनलंड व स्वीडन येथे पुढे आली, तेव्हा तपासाअंती संबंध दिसून आला. रुग्णांचे म्हणणे काही वेळा असे खरे ठरते. म्हणूनच गटाने कार्यकारणाचा निकाल स्वतः देऊ नये, पण अनुभवांची नोंद मात्र चोख ठेवावी, हे इष्ट होय.

लसीनंतरच्या तक्रारींपुरते वेगळे गट ग्रामीण भागात चालविणे रुग्णसंख्या थोडी असल्याने अवघड आहे. परंतु दीर्घ आजारातील स्वमदत गटाचा नमुना महाराष्ट्रात रुळलेला आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे त्याचे परिचित उदाहरण. दुधनीसारख्या गावात थकवा, तंत्रिकाविकार किंवा साथीनंतरची अशक्तता असलेल्या सर्वांचा मिळून एक गट, महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या ओसरीवर किंवा शाळेत, दोन्ही भाषांत बोलणारा एखादा निवृत्त शिक्षक वा परिचारिका निमंत्रक, इतक्यावर काम भागू शकते. अशा बैठकीत औषधे सुचविली जाऊ नयेत व विकलीही जाऊ नयेत. शरीरातून लस ‘काढून टाकण्याचे’ दावे करणारे काढे व महागडे रक्तशुद्धीचे उपचार रुग्णांच्या हतबलतेवरच पोसतात. कोणास लसविरोधी झेंड्याखाली उभे करणे जसे वर्ज्य, तसेच मोहिमेची बदनामी नको म्हणून कोणास गप्प बसविणेही वर्ज्य.

कायदा व नोंद : लसीमुळे झालेल्या इजेस दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची पद्धत पश्चिम जर्मनीत १९६१ पासून, जपानमध्ये १९७० पासून व अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सुरू झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी, कोणावरही लस घेण्याची शारीरिक सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट करतानाच, नागरिकांना व खाजगी डॉक्टरांना प्रतिकूल घटना स्वतः कळविता याव्यात व त्यांचा वृत्तांत व्यक्तीची ओळख उघड न करता सर्वांना पाहता यावा, अशी व्यवस्था करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद २०१० मध्ये सुरू झाली व २०११ पासून ती गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाईकाने स्वतः भरावयाचा तिचा अर्ज मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत काढलेला आहे.