टिचकीची फिरकी

आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात, ६ जुलै २००८ रोजी, कराचीत भारतासमोर २७४ धावांचं लक्ष्य होतं आणि वीरेंद्र सेहवागने झटपट ६० धावा कुटून निम्मं काम हलकं करून ठेवलं होतं. मग श्रीलंकेचा कर्णधार महेला जयवर्धने याने चेंडू अजंता मेंडिसच्या हाती दिला. त्याच्या पहिल्याच षटकात सेहवाग पुढे सरसावला, चेंडू चुकला आणि यष्टिचीत झाला. त्याच षटकात युवराजसिंगचा शून्यावर त्रिफळा उडाला. मेंडिसने आठ षटकांत १३ धावा देऊन सहा बळी घेतले. भारताचा डाव १७३ वर संपला. लहानपणापासून फिरकीवर पोसलेले फलंदाज एका फिरकी गोलंदाजासमोर चाचपडत होते, कारण त्याच्या हातातून निघणारा चेंडू त्यांनी ओळखलेल्या कुठल्याच घराण्यातला नव्हता.

त्या चेंडूला कॅरम बॉल म्हणतात. चाळीच्या कॉमन गॅलरीत किंवा मंडळाच्या खोलीत बोरिक पावडर टाकून स्ट्रायकर मारलेल्या कोणालाही त्याचं मर्म समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. अंगठा, तर्जनी आणि दुमडलेलं मधलं बोट यांच्या चिमटीत चेंडू धरायचा आणि सोडताना मधल्या बोटाने टिचकी मारायची. बोलायला सोपं आहे. पण स्ट्रायकर जेमतेम १५ ग्रॅमचा असतो आणि बोर्डावर घसरतो. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तो हात डोक्यावरून फिरत असताना हवेत सोडायचा आणि वीस मीटरवरच्या फलंदाजापुढे नेमक्या टप्प्यावर पाडायचा.

नेहमीच्या फिरकीचे दोन मोठे पंथ आहेत. ऑफस्पिनर तर्जनी आणि मधल्या बोटाने चेंडू पिळतो, लेगस्पिनर मनगट आणि अनामिकेच्या जोरावर फिरवतो. दोघांचंही गुपित मनगटाच्या आणि बोटांच्या वळणात दिसतं. चांगला फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वी हात वाचतो, मग हवेत शिवण बघतो आणि हे दोन्ही चुकलं तर टप्पा पडल्यावर सावरतो. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला साधारण पाऊण सेकंद लागतो. टप्प्यावर वाचायचं ठरवलं तर त्यातला शेवटचा तुकडाच हाती राहतो. टिचकीच्या चेंडूने पहिली पायरीच काढून घेतली. मनगट समोर असतं, हात ऑफस्पिनरसारखा येतो आणि चेंडू मात्र उजव्या फलंदाजाच्या लेगकडून ऑफकडे निघून जातो.

या चेंडूचा पूर्वज मेंडिसच्या सुमारे सत्तर वर्षं आधी जन्मला. जॅक आयव्हरसन हा मेलबर्नचा धिप्पाड, रुंद पंजाचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो न्यू गिनीत होता. फावल्या वेळात तो टेबल टेनिसचा चेंडू अंगठा आणि दुमडलेल्या मधल्या बोटात धरून उडवत बसे. अंगठ्याची दिशा बदलली की चेंडूचं वळणही बदलतं, हे त्याच्या लक्षात आलं. जेमतेम अडीच ग्रॅमच्या त्या चेंडूवरचा खेळ त्याने युद्धानंतर टेनिसच्या आणि मग चामड्याच्या चेंडूवर उतरवला. क्लबच्या खालच्या संघातून सुरुवात करून चार-पाच वर्षांत तो ऑस्ट्रेलियाच्या संघात पोचला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. १९५०-५१ च्या ॲशेसमध्ये त्याने इंग्लंडचे २१ बळी १५.२३ च्या सरासरीने टिपले. सिडनीला दुसऱ्या डावात २७ धावांत ६ बळी घेतले.

पाच कसोटींची ती एक मालिका हीच आयव्हरसनची सगळी कसोटी कारकीर्द. ॲडलेडला चेंडूवर पाय पडून त्याचा घोटा दुखावला. पण त्याहून मोठी इजा घरच्याच खेळाडूंनी केली. कीथ मिलर आणि आर्थर मॉरिस यांनी न्यू साउथ वेल्सकडून खेळताना त्याचा अंदाज घेतला आणि त्याच्यावर हल्ला चढवला. आपण वाचले गेलो आहोत हे कळल्यावर आयव्हरसनकडे परतायला दुसरी जागाच नव्हती. लहानपणापासून घोटलेला साधा ऑफब्रेक किंवा लेगब्रेक, ज्याच्या भरवशावर वाईट दिवस काढता येतो, तो त्याच्या हाताला कधी लागलाच नव्हता. त्याची टिचकी हीच त्याची सुरुवात आणि तीच पुंजी.

त्याचा वारसा पुढे गेला तोही गुरूशिवायच. जॉनी ग्लीसन हा न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागातला, आधी यष्टिरक्षण करणारा खेळाडू. त्याने आयव्हरसनची पकड एका नियतकालिकातल्या छायाचित्रात पाहिली आणि स्वतःच ती घोटली. त्याने कसोटी पदार्पण केलं ते डिसेंबर १९६७ मध्ये ॲडलेडला, भारताविरुद्धच. २९ कसोटींत ९३ बळी मिळवून तो निवृत्त झाला आणि ही पकड पुन्हा विस्मृतीत गेली. शाळा नाही, परंपरा नाही, प्रशिक्षकाच्या वहीत नोंद नाही, अशी ही कला आहे. जिथे कोणीतरी हलक्या चेंडूशी चाळा करतो तिथे ती नव्याने उगवते. गुगलीचीही हीच कथा. इंग्लंडच्या बर्नार्ड बोझांकेला ती १८९७ च्या आसपास सापडली, टेबलावर टेनिसचा चेंडू टप्पा पाडून समोरच्याला चकवण्याच्या एका खेळात.

मेंडिस मोरातुवाचा, श्रीलंकेच्या लष्करातल्या तोफखान्याचा जवान. त्याच्या भात्यात टिचकीबरोबर ऑफब्रेक होता, गुगली होती आणि सरळ झपकन आत येणारा चेंडूही होता. वेग मध्यमगतीच्या जवळ जाणारा, त्यामुळे पुढे जाऊन टप्पा गाठायलाही सवड नाही. कराचीनंतर काही दिवसांतच तो कोलंबोत पहिली कसोटी खेळला आणि राहुल द्रविडसारख्या फलंदाजाचा त्रिफळा टिचकीच्या चेंडूवर घेऊन गेला. तीन कसोटींत त्याने २६ बळी मिळवले. तीन कसोटींच्या पदार्पणाच्या मालिकेतला ॲलेक बेडसरचा २४ बळींचा जुना विक्रम त्याने मोडला.

पण त्याच मालिकेत गॉलला सेहवागने सलामीला येऊन अखेरपर्यंत नाबाद राहत २०१ धावा केल्या. मेंडिसने त्या सामन्यात दहा बळी घेतले, तरी जिंकला भारत. मेंडिस खेळता येतो, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. पुढचं काम लॅपटॉपने केलं. आयव्हरसनचा चेंडू ओळखायला मिलरला समोर उभं राहावं लागलं होतं. मेंडिसचं मधलं बोट मंद गतीच्या चित्रीकरणात दहा देशांतल्या ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं जात होतं. २००९ च्या अखेरीस तो भारतात कसोटी खेळायला आला तेव्हा ती धार राहिली नव्हती. ट्वेन्टी-२० मध्ये त्याने नंतरही कमाल केली. २०१२ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध त्याने ८ धावांत ६ बळी घेतले. चार षटकांच्या झटापटीत फलंदाजाला थांबून वाचायला वेळ नसतो, तिथे गूढ टिकतं. कसोटीत मात्र १९ सामने आणि ७० बळींवर त्याचा हिशेब थांबला.

मेंडिसची जादू ओसरली तरी टिचकी क्रिकेटमधून गेली नाही. त्याचं एक कारण नियमपुस्तकात आहे. नव्वदच्या दशकात सकलेन मुश्ताकने दूसरा प्रसिद्ध केला. ऑफब्रेकसारखा दिसणारा, पण उलट दिशेने वळणारा तो चेंडू टाकताना वाकलेलं कोपर सरळ न होऊ देणं बहुतेकांना जमेना. २००५ पासून कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची मुभा मिळाली, पण २०१४ मध्ये आयसीसीने तपासणी कडक केली आणि सप्टेंबरात सईद अजमलवर बंदी आली. दूसऱ्याचं दुकान जवळजवळ बंद झालं. कॅरम बॉलमध्ये फिरकी कोपरातून येत नाही, ती बोटाच्या झटक्यातून येते. ऑफस्पिनरला चेंडू बाहेर काढायचा असेल तर हा रस्ता कायद्याच्या चौकटीत होता.

त्या रस्त्यावरून सर्वांत लांब गेला रविचंद्रन अश्विन. चेन्नईच्या गल्ल्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये हा चेंडू ‘सोडक्कू’ म्हणून टाकला जात होता आणि अश्विनने तो तिथेच उचलला. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास असतो. बोटाच्या झटक्याला तो लगेच दाद देतो. म्हणूनच ही टिचकी अकादमीच्या नेटमध्ये जन्मत नाही, गल्लीत जन्मते. ढाक्यात २०१४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अश्विनचा एक चेंडू हाशिम अमलाच्या लेगस्टंपबाहेर पडला आणि ऑफस्टंपवर जाऊन आदळला. त्या चेंडूच्या चित्रफिती लोक आजही बघतात. तरीही अश्विनचे ५३७ कसोटी बळी या चेंडूचे नव्हेत. त्याचा पाया होता उंचावरून सोडलेला, हवेत थबकणारा, टप्प्यावर उसळणारा साधा ऑफब्रेक. टिचकी त्याने मोजून वापरली. फलंदाज तिची वाट बघत राहिला आणि ऑफब्रेकला पाय पुढे टाकायला उशीर करत राहिला. न टाकलेला चेंडूही अश्विनच्या कामी येत होता.

हा धडा चेन्नईच्याच वरुण चक्रवर्तीने उशिरा आणि किंमत मोजून घेतला. वास्तुविशारदाचं शिक्षण घेतलेल्या वरुणला २०१९ च्या आयपीएलसाठी पंजाबने ८.४ कोटी रुपये मोजले, ते त्याच्या गूढपणासाठी. २०२१ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात मात्र तीन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही आणि तो संघाबाहेर गेला. परतायला त्याला तीन वर्षं लागली. त्या काळात त्याने नवा गूढ चेंडू शोधला नाही. आडव्या फिरकीऐवजी चेंडू पुढच्या दिशेने गरगरेल आणि टप्प्यावर उसळेल, अशी त्याने आपली मूळ गोलंदाजीच नव्याने बांधली. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकात दुबईत त्याने न्यूझीलंडचे ४२ धावांत ५ बळी घेतले, तेव्हा त्याची पकड आणि त्याचे सगळे प्रकार प्रतिस्पर्ध्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होते. ठाऊक असूनही खेळता येत नव्हते.

आयव्हरसन ते वरुण या पाऊणशे वर्षांत टिचकी तीच आहे, बोट तेच आहे. बदललं आहे ते गुपिताचं आयुष्य. आयव्हरसनला ते काही महिने पुरलं, मेंडिसला साधारण वर्षभर. आज गल्लीतला एखादा मुलगा नवी पकड शोधेल, तर पहिल्याच हंगामाच्या अखेरीस तिचे तुकडे प्रत्येक संघाच्या विश्लेषकाच्या पडद्यावर असतील. त्याला संघात घेऊन जाईल ती टिचकी. संघात ठेवेल तो साधा चेंडू, दिवसाला तीस षटकं एकाच जागी पडणारा, ज्यात लपवण्यासारखं काहीच नाही.