कंपवातावर मेंदूची शस्त्रक्रिया

घरांतील वृद्ध माणसाच्या हातांत कपबशी खुळखुळूं लागली, कीं "वयोमानाप्रमाणें व्हायचेंच" असें म्हणून आपण गप्प बसतों. परंतु श्रोतेहो, प्रत्येक कंप हा वार्धक्याचा नव्हे. १८१७ सालीं लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन ह्यांनीं वर्णिलेला कंपवात हा स्वतंत्र विकार आहे.

मेंदूच्या बुडाशीं काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्या पेशी मरूं लागल्या म्हणजे हालचालींचें नियमन करणारीं केंद्रें बेताल होतात. हात कांपतो, पाऊल अडखळतें, अंग ताठरतें. स्नायूंची शक्ति शाबूत असते, बिघडतें तें नियमन. शस्त्रक्रियेला वाव मिळतो तो ह्याचमुळें.

ह्या मार्गावरील एक मोठी खूण योगायोगानें हातीं आली. १९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें डॉ. अर्व्हिंग कूपर एका रोग्यावर शस्त्रक्रिया करीत असतां एक रक्तवाहिनी फाटली. ती बंद करून त्यांनीं काम तेथेंच थांबविलें. रोगी शुद्धीवर आला, तों कंप नाहींसा झालेला, आणि हातापायांतली शक्ति जशीच्या तशी! पुढें मेंदूंतील नेमका बिंदु नष्ट करण्याची रीत बरीच रूढ झाली. परंतु नष्ट केलेला भाग परत येत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत लेव्होडोपा हें औषध आलें, आणि शस्त्रक्रिया मागें पडली.

कांहीं वर्षांनीं मात्र औषधाचा गुण अधूनमधून तुटूं लागतो, व अंगाला नकोशा हालचाली जडतात, असा अनुभव आला. १९८७ सालीं फ्रान्समधील ग्रेनोबल येथें डॉ. बेनाबिद ह्यांना आढळलें कीं, बिंदु जाळण्यापूर्वीं तपासणीसाठीं दिलेले विजेचे जलद स्पंद कंप तत्काळ थांबवितात. मग जाळावें कशाला? त्यांनीं तार तेथेंच ठेवण्याची पद्धत काढली. आज सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूंत खोल बसवितात, व छातीच्या कातडीखालील यंत्र सेकंदास बहुधा १३० स्पंद धाडतें. रोग्यास पुष्कळदां जागें ठेवतात. कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाहींत.

तथापि ही रामबाण चिकित्सा नव्हे. पेशींचें मरण तिनें थांबत नाहीं. रक्तस्राव व जंतुदोष हे धोके थोड्यांनाच, परंतु असतात. कंपाचा अपवाद सोडल्यास, जी तक्रार लेव्होडोपानें हलकी होते तीच तारेनें हलकी होते. म्हणून आधीं औषधाविना व औषध देऊन, असें दोन्ही वेळां रोग्यास चालवून पाहतात. स्मृतिभ्रंश जडलेल्यांस सहसा ही शस्त्रक्रिया सुचवीत नाहींत. तेव्हां संमति देण्यापूर्वीं कुटुंबीयांनीं डॉक्टरांस स्पष्ट विचारावें: कोणत्या तक्रारी सुधारतील, आणि कोणत्या तशाच राहतील?