पाव मैलाची शर्यत : इंजिन मोठे की टायर?

नववीच्या वर्गात गतीचे नियम शिकवायला घेतले की फळ्यावर एक ठोकळा येतो, त्याला एक बाण जोडला जातो आणि मागच्या बाकांवरचे लक्ष खिडकीबाहेर जाते. वाशिंदच्या परिसरात खिडकीबाहेर पाहण्यासारखे बरेच असते. जवळूनच मुंबई-नाशिक महामार्ग जातो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातून वाहता झाला आहे. या रस्त्यांवरून सणसणत जाणाऱ्या गाड्यांची नावे, त्यांची अश्वशक्ती आणि शून्यापासून शंभरापर्यंत पोहोचण्याचे त्यांचे सेकंद मुलांना तोंडपाठ असतात. मग ठोकळ्याऐवजी फळ्यावर मोटारच का आणू नये? गतीचे नियम, घर्षण, शक्ती आणि गतिज ऊर्जा हे सारे एकाच उदाहरणात गोळा करणारा एक खेळ आहे. त्याचे नाव ड्रॅग रेस, म्हणजे पाव मैलाची सरळ शर्यत.

खेळ कसा असतो?

नियम सोपा आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ धावतात. वळण नाही, चढ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रिकाम्या पडलेल्या विमानतळांवर हा खेळ रुजला. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० मध्ये अशी पट्टी सुरू झाली आणि १९५१ मध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आपल्याकडेही धावपट्टीशी असलेले हे नाते दिसते. चेन्नईजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर पूर्वी मोटारींच्या शर्यती भरत. महाराष्ट्रात अलीकडच्या काळात लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत.

सुरुवातीला दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी गाडी हलली तर लाल दिवा लागतो आणि ती धाव बाद होते. इथे मोजमापाची एक गंमत शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. धावेचे घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. गाडीच्या चाकाने आरंभरेषेवरचा प्रकाशकिरण सोडला की ते सुरू होते. म्हणजे चालक किती चटकन जागा झाला ही एक नोंद, गाडीने किती वेळ घेतला ही दुसरी आणि शेवटच्या २० मीटरमध्ये सरासरी वेग किती होता ही तिसरी. तीन नोंदी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, हे पुढे दिसेलच.

गाडीला पुढे कोण ढकलते?

हा प्रश्न वर्गात विचारला तर शंभरातले नव्वद जण 'इंजिन' म्हणतील. पण इंजिन गाडीच्या आत आहे. आत बसून गाडी ढकलता येत नाही, हे बंद पडलेल्या जीपमध्ये बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता. चाक रस्त्याला मागे रेटते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे रस्ता चाकाला पुढे रेटतो. ही देवाणघेवाण घर्षणामुळे होते आणि घर्षणाला मर्यादा असते.

एक हिशेब मांडू. आपली गाडी १,५०० किलोग्रॅम वजनाची, ३०० अश्वशक्तीची, मागची चाके फिरवणारी आणि हाताने गिअर बदलण्याची आहे असे समजा. तिच्या इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, ४०० न्यूटन-मीटर धरू. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे १२ पट होऊन चाकाशी पोहोचतो, म्हणजे ४,८०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर असेल तर रस्त्यावर पडणारे बल १५,००० न्यूटन भरेल.

आता टायर किती पेलू शकतो ते पाहू. चांगला टायर आणि कोरडा रस्ता यांचा घर्षणांक ०.९ धरू. गाडी उभी असताना निम्मे वजन मागच्या चाकांवर असते. गाडी झेपावली की तिचे नाक वर उचलते आणि वजनाचा काही भाग मागे सरकतो. एसटी सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात, तसेच हे. हा सरकलेला भार धरून हिशेब केला (गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, दोन आसांमधले अंतर अडीच मीटर), तर मागची चाके जास्तीत जास्त ८,१०० न्यूटन बल पेलतात. म्हणजे इंजिन १५,००० द्यायला तयार आहे आणि टायर ८,१०० च घेऊ शकतो. उरलेला जोर चाक जागच्या जागी गरगरवण्यात, धूर काढण्यात आणि रबर झिजवण्यात जातो. एकदा चाक घसरू लागले की पकड आणखी कमी होते, कारण गतिज घर्षण हे स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते.

८,१०० भागिले १,५०० म्हणजे ५.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे त्या गाडीचे कमाल त्वरण. हीच गाडी पुढची चाके फिरवणारी असती तर वजन नेमके नको त्या बाजूला सरकले असते आणि त्वरण ३.७ वरच अडले असते.

शक्तीची पाळी केव्हा येते?

वेग वाढला की चित्र बदलते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ३०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,२०,००० वॅट. याला ८,१०० ने भागले की २७ मीटर प्रति सेकंद येतात, म्हणजे तासाला सुमारे ९८ किलोमीटर. या वेगापर्यंत टायर गाडीला अडवतो आणि त्यापुढे इंजिन. पहिले ६८ मीटर टायरचे, उरलेले ३३४ मीटर इंजिनाचे.

हवेचा अडथळा आणि गिअर बदलण्याचा वेळ बाजूला ठेवून पूर्ण धावेचे गणित केले तर १२.९ सेकंद येतात आणि शेवटचा वेग ताशी १९८ किलोमीटर. खऱ्या धावेत वेळ यापेक्षा जास्त लागेल, पण तुलनेसाठी हा आकडा पुरेसा आहे. आता दोन बदल करून पाहू.

पहिला बदल : इंजिन दुप्पट, म्हणजे ६०० अश्वशक्तीचे. टायर तेच. वेळ येतो १२.२ सेकंद. एवढा खर्च करून वाचले अर्ध्या सेकंदापेक्षा थोडे अधिक. शेवटचा वेग मात्र ताशी २३४ किलोमीटर झाला.

दुसरा बदल : इंजिन जुनेच, ३०० चे. टायर अधिक चिकट, घर्षणांक १.२. वेळ येतो ११.८ सेकंद. वाचला सुमारे एक सेकंद. शेवटचा वेग फारसा बदलला नाही, ताशी २०१ किलोमीटर.

म्हणजे घेतलेला वेळ सुरुवातीच्या पकडीची कथा सांगतो आणि शेवटचा वेग इंजिनाची. या शर्यतीतले जाणकार दोन्ही आकडे शेजारी ठेवून गाडीचे दुखणे ओळखतात. वेग चांगला पण वेळ वाईट असेल तर दोष सुटण्यात. दोन्ही वाईट असतील तर आधी इंजिनाकडे पाहायचे. शर्यतीपूर्वी टायर मुद्दाम गरगरवून गरम करतात, हा तमाशा नसून पकड वाढवण्याचा उपाय आहे, हेही आता कळेल.

हीच गोष्ट आपल्या शिवारात आणि रुळांवर दिसते. भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टर अडतो तो शक्ती कमी पडली म्हणून नव्हे, तर टायरला पकड नाही म्हणून. तेथे लोखंडी पट्ट्यांची चाके लावतात. कसारा ते इगतपुरी हा घाट ३७ मीटरला एक मीटर चढतो. तेथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. त्याने शक्ती वाढते, तसेच रूळ पकडणाऱ्या चाकांवरचा एकूण भारही वाढतो. इंजिनाच्या चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची सोय असते, तीही पकडीसाठीच. आणि वाशिंदला थांबून सुटणारी लोकल इतकी चटकन वेग घेते, त्याचे एक कारण असे की तिच्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेल्या असतात. त्यामुळे पकडीला जास्त वजन मिळते.

डाव्या पायाचे काम

हाताच्या गिअरच्या गाडीत ही सारी पकड चालकाच्या डाव्या पायाखाली असते. सुटताना इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असते आणि चाके स्थिर असतात. या दोघांचा मेळ क्लच घालतो. एक तबकडी दुसरीवर घासत घासत तिच्या वेगाला येते. इंजिनाचे फेरे आणि घासण्याचा जोर कायम राहिले, तर मेळ बसेपर्यंत इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतील निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी उष्णता होऊन क्लचमध्ये जाते. मेळ ताशी ३६ किलोमीटरला बसला, तर गाडीची गतिज ऊर्जा ७५,००० जूल. तेवढीच उष्णता दोन सेकंदांच्या आत क्लचमध्ये. या उष्णतेने एक लिटर पाणी १८ अंशांनी तापेल. पातळ अस्तराला ती दोन सेकंदांत सोसावी लागते. म्हणून चार-पाच धावांत जळका वास येतो.

क्लच फार हळू सोडला तर अस्तर जळते. फार झटक्याने सोडला तर चाक घसरते किंवा इंजिन बंद पडते. या दोहोंमधली वाट सापडणे हेच कौशल्य. पुढे प्रत्येक गिअर बदलताना ०.४ सेकंद गाडीला जोर मिळत नाही असे धरले, तर ताशी १०८ किलोमीटर वेगाला तेवढ्या वेळात ती १२ मीटर नुसती घरंगळते. दोन क्लचच्या स्वयंचलित गाड्या आणि गिअर न बदलणाऱ्या विजेच्या गाड्या आज हाताच्या गाडीला मागे टाकतात, त्याचे हे एक कारण आहे. घर्षणाची मर्यादा मात्र त्यांनाही चुकलेली नाही.

थांबायचे कुठे?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ४०२ मीटरला धाव संपते, गाडी संपत नाही. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५५ मीटरहून अधिक. घर्षणांक ०.९ धरून सर्व चाकांनी पुरेपूर ब्रेक लावला, तरी थांबायला सुमारे १७५ मीटर लागतात. ब्रेक दाबायला एक सेकंद गेला तर आणखी ५५. एकूण २३० मीटर. ताशी १०० ला हेच अंतर ७२ मीटर असते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे सूत्र इथे जिवावर बेतते. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ वर आला, तर २०० च्या वेगाला केवळ ब्रेकचे अंतर ३१५ मीटर होते.

ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनाही हे गणित सुटलेले नाही. जून २००८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक अंतिम रेषेपलीकडे गाडी न थांबल्याने मरण पावला. त्यानंतर संघटनेने सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत ४०२ वरून ३०५ मीटरवर आणली. धावण्याचे अंतर कमी केले, थांबण्याचे वाढवले.

धावपट्टी आणि महामार्ग यांतला फरक इथेच आहे. धावपट्टीला कुंपण असते, पुढे मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. आपल्या महामार्गावर फाट्यावरून वळणारी रिक्षा असते, रस्ता ओलांडणारी शाळेची मुले असतात, गुरे असतात. त्यांना २३० मीटरचा हिशेब कोणी सांगितलेला नसतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा स्वतः केलेले गणित मुलांच्या मनात अधिक टिकते.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर ०, ५, १०, २० आणि ४० मीटरवर खुणा करा. प्रत्येक खुणेवर एक विद्यार्थी मोबाइलमधले घड्याळ घेऊन उभा करा. आरंभीच्या शिट्टीला सर्वांनी घड्याळ सुरू करावे आणि धावणारा समोरून गेला की थांबवावे. अंतर-काल आलेख काढा. ज्याचा शेवटचा वेग सर्वाधिक, त्याचाच वेळ सर्वांत कमी आहे का, ते तपासा.

२. बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी गुळगुळीत फरशीवर आणि मग पॉलिश पेपरवर चालवा. मागच्या आसावर, मग पुढच्या आसावर नाणी चिकटवून वेळ घ्या. कोणती चाके फिरतात ते नाण्यांवरून ओळखता येते का?

३. एकाने मोजपट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला ०.२ सेकंद लागला. ताशी १०० किलोमीटर वेगाला तेवढ्या वेळात गाडी किती पुढे जाते, ते काढा. मग तेच अंतर मैदानावर पावलांनी मोजून दाखवा आणि त्याच्या पुढे ब्रेकचे ४४ मीटरही चालून जा. उन्हात तेवढे चालल्यावर त्या आकड्याबद्दल वर्गात पुन्हा सांगावे लागत नाही.