गणपतरावांचे सांगोले

लोणी देवकरसारख्या गावी विरोधी पक्षाचा माणूस आला की लोक आधी विचारतात, ‘सोसायटीत तुमचे कोण?’ प्रश्न रास्त आहे. कर्ज, ऊस, पाणी यांच्या नाड्या एकाच पक्षाच्या हाती असल्यावर सभा गाजवून काय होणार? शेतकरी कामगार पक्ष काढणारे केशवराव जेधे स्वतःच १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. १९५७ साली आपल्या बारामतीतून लोकसभेवर गेले ते काँग्रेसतर्फेच. १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ आणि शे.का.पक्षाला १५ मिळाल्या.

त्या पंधरांत दुष्काळी सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. ते अकरा वेळा निवडून आले. १९७२ व १९९५ साली पडले, पण पक्ष सोडला नाही. त्यांच्या एस.टी. प्रवासाच्या गोष्टी सारेच सांगतात. आम्हां संघटनेच्या माणसांना त्यांची सहकारी सूतगिरणी अधिक मोलाची वाटते. सत्ताधाऱ्यांचे हत्यार त्यांनी विरोधात बसून चालविले!

२०१९ साली ते उभे राहिले नाहीत आणि जागा ७६८ मतांनी गेली. २०२१ साली ते वारले. २०२४ साली नातू बाबासाहेबांनी ती परत मिळविली. राज्यात पक्षाची तेवढीच जागा आली. पक्ष टिकला की घराणे, यावर आमच्यात अजून वाद होतो.