कपाटातले इंग्रजी खंड उघडायचे कसे?

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' या मालेतील काही ना काही खंड आहेत. जयंतीच्या आदल्या दिवशी ते कपाटातून निघतात, पुसले जातात आणि पुन्हा आत जातात. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आलेल्या एका पदवीधर मुलाने प्रांजळपणे सांगितले, "पहिल्याच पानावर पाच वेळा डिक्शनरी बघितली. सहाव्या वेळी पुस्तक मिटलं." हा मुलगा इंग्रजी विषयात उत्तीर्ण होता. प्रश्न त्याच्या बुद्धीचा नव्हता. त्याने इंग्रजीची उत्तरे पाठ केली होती, इंग्रजी वाचले कधीच नव्हते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे; त्याआधी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली, पण धडा वाचण्याआधी गाईड उघडायची सवय काही गेली नाही. म्हणून वाचन आणि शब्दसंपत्ती कशी वाढते, हे थोडे उलगडून सांगावे असे आम्हाला वाटते.

आधी हिशेब पाहू. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली दाखवून दिले, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय समजायचे तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. आकडा ऐकून कोणी घाबरू नये. सगळे शब्द सारख्याच वेळा भेटत नाहीत. सर्वांत जास्त वापरातले दोन हजार शब्द पक्के असले, की कोणत्याही साध्या लिखाणातले सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. म्हणजे पहिल्या दोन हजारांची कमाई मोठी. पुढच्या प्रत्येक हजाराची कमी कमी होत जाते. डिक्शनरीचे 'ए' पासून पाठांतर करणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांना 'ॲबॅकस' येतो, 'ऑलदो' येत नाही.

हे दोन हजार शब्द निवडण्याच्या कामाची मुळे आपल्या उपखंडातच आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत होते. बंगाली मुलांची गळती पाहून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : मुलाने मधेच शाळा सोडली, तर शिकलेल्या इंग्रजीतले त्याच्या हाती काय राहते? ज्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी घेतली आहे त्यांना 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द माहीत आहे. वेस्ट यांनी तोच शब्द वापरला. व्याकरणाचे नियम अर्धे राहिले तर हाती शून्य. वाचता येऊ लागले असेल, तर शाळा सुटल्यावरही माणूस पुढे जाऊ शकतो. म्हणून वाचन आधी, असा त्यांचा आग्रह होता. १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर त्यांचा ग्रंथ निघाला आणि १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी. ज्या समाजात आजही घरच्या अडचणीमुळे शिक्षण तुटते, त्याने वेस्ट यांचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आता पुस्तक कोणते घ्यावे? आमची कसोटी सोपी आहे. एक पान उघडा, शंभर शब्द मोजा, न कळणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पाचापेक्षा जास्त रेघा आल्या, तर ते पुस्तक आत्ताचे नाही. ठेवून द्या, सहा महिन्यांनी पुन्हा काढा. यात कमीपणा नाही.

या कसोटीवर बाबासाहेबांचे लेखन लावले, तर लक्षात येते की ते सगळे एका पातळीचे नाही. बाराव्या खंडातील 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन सर्वांत सोपे. १९०१ साली लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांकडे जायला निघाले. आगगाडीने मसूर स्टेशन, तिथून पुढे बैलगाडी, रात्रभर प्यायला पाणी नाही. हा प्रसंग आपल्यातल्या लहानग्यालाही तोंडपाठ आहे. आणि हेच भांडवल! गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून आपोआप लागतो. 'टोल-कलेक्टर' शब्द पूर्वी पाहिला नसला, तरी तो कोण हे वाचणाऱ्याला कळते. त्यानंतर अकरावा खंड, 'द बुद्धा अँड हिज धम्म'. त्यातील वाक्ये छोटी आणि क्रमांक घातलेली आहेत. मराठी अनुवाद शेजारी ठेवून एकेक वाक्य ताडून पाहता येते. पहिल्या खंडातला पहिला निबंध, 'कास्ट्स इन इंडिया', मात्र घाईने घेऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे होते : खंड एक म्हणून तोच आधी उघडला जातो. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला तो निबंध. श्रोते तज्ज्ञ होते.

पण तो अशक्यही नाही. त्याचा गाभा 'एण्डॉगॅमी' आणि 'एक्सॉगॅमी' या दोन शब्दांत आहे. शब्द फोडून पाहा. 'एण्डो' म्हणजे आत, 'एक्सो' म्हणजे बाहेर, 'गॅमी' म्हणजे विवाह. हे तिन्ही ग्रीक. आपल्या गटाच्या आत लग्न आणि गटाच्या बाहेर लग्न. आता 'मोनोगॅमी', 'बायगॅमी', 'पॉलिगॅमी' कोणी न सांगता कळतील. एका शब्दाचे कष्ट, पाच शब्दांचे फळ.

ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. 'हृ' म्हणजे नेणे, या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार झाले, हे आपण शाळेत शिकलो. इंग्रजीत लॅटिनवरून आलेला 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्यापासून इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट. शेपटीचेही तसेच : 'शन'ने संपणारा शब्द बहुधा नाम असतो, 'इव्ह'ने संपणारा बहुधा विशेषण. डिसाईड, डिसिजन, डिसायसिव्ह हे एकाच घरातले तिघे. वहीत ते तिघे एकाच ओळीत लिहावेत.

वहीबद्दल सांगायचे तर नुसता शब्द आणि समोर मराठी अर्थ, एवढ्यावर थांबू नये. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्यही उतरवावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवले होते, की शिकलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांत विसरते. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अर्थ झाकून तो आठवून पाहायचा. नुसते पुन्हा वाचणे म्हणजे आठवणे नव्हे. दिवसाला सात-आठ शब्द पुरेत.

डिक्शनरी आज मोबाईलमध्येही आहे, पण सुरुवात झाल्यावर परभाषिकांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हाताशी असावा. हॉर्नबी यांचा असा कोश प्रथम १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. लाँगमनने १९७८ च्या कोशात तर सर्व अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगितले. मात्र प्रत्येक शब्दाला कोश उघडू नये. एकदा आलेला शब्द सोडून द्यावा, तोच तिसऱ्यांदा आला तर बघावा.

शब्द सगळे ओळखीचे, तरी वाक्य कळत नाही, अशी तक्रार वर्गात हमखास येते. याचे कारण मांडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून आपण शेवटपर्यंत वाट पाहतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येऊन गेलेले असते आणि आपले लक्षच नसते. त्यात मधे 'विच' किंवा 'हू' घालून आणखी एक वाक्य खुपसलेले असले, की गाडी घसरली. आपण आधीच 'जो' म्हणून पुढे 'तो' येणार हे सांगून ठेवतो. इंग्रजी तशी सूचना देत नाही. उपाय एकच : लांब वाक्यात प्रथम मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ ओढा, मग 'कोण?' असे विचारा. कर्ता सापडला की बाकीची वाक्ये त्याला टांगलेली दिसतात. बाबासाहेबांचे लांब वाक्य असे सोडवताना आमच्या वर्गातल्या मुलांना गणित सुटल्याचा आनंद होतो.

एक सावधगिरीची सूचना. आपल्या बोलण्यात शेकडो इंग्रजी शब्द आहेत आणि गिरणीत, रेल्वेत नोकरी केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांकडे तर मुलांपेक्षा जास्त आहेत. बॉयलर, शिफ्ट, फोरमन, ओव्हरटाईम. ही पुंजी वापरावी. पण काहींचे अर्थ इकडे येऊन बदलले आहेत. आपण चहाला जातो ते 'हॉटेल', इंग्रजांचे हॉटेल मुक्कामाचे. आपली 'लाईट जाते', त्यांची वीज जाते.

कॉलेजच्या मुलांना आणखी एक यादी उपयोगी आहे. २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय पुस्तकांतून ५७० शब्दकुळे निवडली; असल्या पुस्तकांतले सुमारे १० टक्के शब्द त्यांतच मोडतात.

तो पदवीधर मुलगा पुढच्या रविवारी पहिला खंड घरी ठेवून बारावा घेऊन आला. पहिल्या शंभर शब्दांत त्याच्या चार रेघा आल्या.