ब्रेक लागण्याआधीचे ३३ मीटर

पावसाळ्यातली संध्याकाळ, गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर, आणि झुडपाआडून एक म्हैस सावकाश रस्त्यावर येते. ती नजरेला पडल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. डोळ्यांनी टिपायचं, मेंदूने ओळखायचं, काय करायचं ते ठरवायचं आणि पाय हलवायचा, एवढा सगळा व्यवहार दीड सेकंदात उरकतो, हे नवलच आहे. पण तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि तिचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो.

थांबणं सुरू होतं ते त्यानंतर. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर साठच्याही वर जातात. वेग दुप्पट केला, तर ब्रेकनंतरचं हे अंतर चौपट होतं. आणि हा सगळा भार पेलतं कोण? टनभर वजनाची गाडी रस्त्याला फक्त चार जागी टेकलेली असते आणि त्यातली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते!

या चार तळहातांची पकड मोजकीच असते. थांबणं आणि वळणं, दोन्ही तिच्यातूनच भागवावं लागतं. करकचून ब्रेक मारला आणि चाकं जाम झाली, की सगळी पकड घसरण्यातच संपते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. यावरचा तोडगा म्हणजे एबीएस. १९७८ साली बॉश कंपनीने बनवलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आली. ती एका सेकंदात अनेकदा ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते, त्यामुळे चाक जाम होत नाही आणि गाडी वळवता येते. त्या वेळी पायाखालचं पेडल थरथरतं, घर्रघर्र आवाज येतो. काही बिघडलं असं वाटून अनेक जण पाय उचलतात. तो उचलायचा नाही, पेडल घट्ट दाबून ठेवायचं.

सगळ्यात थक्क करते ती नजर. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो जवळपास तेवढाच भाग. भीती वाटली की नजर धोक्यावरच खिळते, आणि नजर जिकडे तिकडे हात स्टिअरिंग नेतात. म्हणून म्हशीकडे नव्हे, तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहायचं. टायर फुटला तरी हेच: नजर लांब समोर, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ, आणि पाय ब्रेकपासून दूर. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडून वेग उतरू द्यायचा आणि मगच गाडी कडेला घ्यायची.

पण त्या क्षणी डोकं शांत कसं राहणार? मला वाटतं, ही शांतता स्वभावात कमी आणि अंतरात जास्त असते. समोर मोकळे मीटर असतील तर विचाराला वेळ मिळतो. नसतील तर भल्याभल्यांची गाळण उडते. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. आपण त्याआधी तिथे पोचलो, तर अंतर कमी आहे. पावसात ते दुप्पट ठेवा. मध्ये कुणी घुसलं तर पुन्हा थोडं मागे राहा. त्यात फार तर दोन-तीन सेकंद जातात. घाट उतरतानाही जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. म्हणजे वेग इंजिन आवरतं, ब्रेक तापून निकामी होत नाहीत आणि खरी गरज पडते तेव्हा हाताशी राहतात.

संकट अचानक येतं, पण त्याची तयारी आधीच करता येते. उद्या गाडी काढाल, तेव्हा पुढच्या गाडीपासूनचं अंतर एकदा नक्की मोजा.